एम.एस्सी. स्टॅट करून पुढे काय? नांदेड-लातूरच्या संदर्भात एक आढावा

लातूर किंवा नांदेडचे नाव शिक्षणाच्या संदर्भात निघाले, की गप्पा नीट आणि जेईईपाशी येऊन थांबतात. लातूर पॅटर्नवर गेली तीन दशके भरपूर लिहून झाले. शिकवण्यांच्या गल्ल्या, मुलामुलींची वसतिगृहे, निकालाचे फलक, सगळ्यांवर. त्याच शहरांत बारावीच्या पुढे, पदवीच्याही पुढे कोण काय शिकते, याकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. संख्याशास्त्राची ओळख तर बी.एस्सी.ला गणिताच्या जोडीने घ्यायचा तिसरा विषय एवढीच होती. डेटा सायन्स हा शब्द तालुक्याच्या गावी पोचला तेव्हापासून थोडा फरक पडला आहे. एम.एस्सी. स्टॅट करून नोकरी लागते का, नांदेडलाच करावे की पुणे गाठावे, सिद्धान्त पक्का करावा की कोडिंग शिकावे, असे प्रश्न आता पालकही विचारतात. उत्तरे देणाऱ्यांत एकमत नाही. जो तो आपल्या अनुभवाने बोलतो, आणि अनुभव खरे असले तरी एकमेकांशी जुळत नाहीत.

विषय उशिरा आला, मोजणी आधी आली

प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी भारतीय सांख्यिकी संस्था 1931 मध्ये कोलकात्यात काढली. कलकत्ता विद्यापीठाने 1941 मध्ये या विषयाचे पदव्युत्तर वर्ग सुरू केले. मुंबई विद्यापीठात 1948 साली विभाग झाला. पुण्यात 1953 मध्ये वसंत शंकर हुजूरबाजार या कोल्हापूरच्या गणितज्ञाने विभाग उभा केला, आणि पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्रात या विषयाचे शिक्षक पुरवण्याचे काम मुख्यतः मुंबई आणि पुणे या दोन शहरांनी केले.

मराठवाडा तेव्हा कुठे होता? सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि उच्च शिक्षणासाठी हैदराबादच्या वाटेवर. नांदेडचे पीपल्स कॉलेज 1950 चे, मराठवाडा विद्यापीठ 1958 चे. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 मध्ये वेगळे झाले आणि नांदेड, लातूर, परभणी (आणि पुढे हिंगोली) त्याच्याकडे आले. विष्णुपुरीच्या परिसरातील गणितीय विज्ञान संकुलात संख्याशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण मिळू लागले, म्हणजे पुण्याच्या मानाने साधारण चार दशकांनी. पीपल्स कॉलेज म्हटले की अजूनही तिथले विचारवंत प्राचार्य नरहर कुरुंदकर आठवतात, संभाव्यतेची प्रमेये नव्हेत. इथल्या बौद्धिक परंपरेचा कल कुठे होता, ते यावरून कळते.

गंमत अशी, की शास्त्र यायच्या कितीतरी आधी या भागाची मोजणी सुरू झाली होती. आणेवारी आणि तिची धाकटी बहीण पैसेवारी प्रत्येक शेतकऱ्याच्या बोलण्यात असते. नजर पैसेवारी, सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या खाली गेली की टंचाईच्या सवलतींची आशा. 1983 मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने प्रादेशिक अनुशेष मोजला. दांडेकर अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखले गेले, तरी त्यांची बैठक संख्याशास्त्राची. राज्याच्या सरासरीच्या खाली जो जिल्हा जितका, तितका त्याचा अनुशेष, ही त्यांची मांडणी. मराठवाड्याच्या विकासाचे पुढचे सारे राजकारण त्या एका सरासरीभोवती फिरत राहिले. सरासरीऐवजी दुसरे काही धरले असते तर आकडे कसे बदलले असते, हा एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्याला विचारण्याजोगा प्रश्न आहे.

पाच गुंठ्यांचा हिशेब

या विषयाचा आणि या प्रदेशाचा सर्वात जवळचा संबंध सोयाबीनच्या शेतात दिसतो. तिथे जरा थांबायला हवे, कारण करिअरच्या चर्चेत हे उदाहरण सहसा येतच नाही.

पीकविम्याची भरपाई ठरते ती पीक कापणी प्रयोगावर. गाव, गट क्रमांक, शेत, सगळे यादृच्छिक पद्धतीने निवडायचे. शेतात गेल्यावर नैर्ऋत्येच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, यादृच्छिक अंकांनी ठरलेली पावले लांबीकडे आणि रुंदीकडे चालायची आणि तिथे दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखायचा. दोरी, खुंट्या, कापणी, मळणी, वजन, पुन्हा वाळवून वजन. कृषी, महसूल आणि ग्रामविकास या तिन्ही खात्यांचे कर्मचारी हे काम वाटून घेतात. मुख्य पिकासाठी महसूल मंडळ हा विमा घटक असेल तर किमान दहा प्रयोग लागतात. पन्नास चौरस मीटरचे दहा तुकडे म्हणजे सगळे मिळून पाच गुंठ्यांच्या आत. मागच्या सात वर्षांतल्या उत्तम पाच वर्षांची सरासरी काढून, जोखीमस्तर लावून उंबरठा उत्पन्न ठरते, आणि या पाच गुंठ्यांतून निघालेले उत्पन्न त्याच्या जितके खाली, त्या प्रमाणात मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला भरपाई.

तुकडा केवढा असावा हा वाद जुना आहे, आणि त्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनहून नेमान आणि पिअर्सन यांच्या हाताखाली शिकून आले. 1940 च्या दशकात त्यांनी प्रयोगांनी दाखवले, की तुकडा फार लहान घेतला तर उत्पन्न फुगून दिसते. कडेवरचे झाड आत धरायचे की बाहेर, या निर्णयात माणूस नकळत आत धरतो. तुकडा लहान तेवढा कडेचा हिस्सा मोठा. महालनोबिस लहान वर्तुळाकार तुकड्यांच्या बाजूचे होते. त्यांचे म्हणणे, प्रशिक्षित माणसे आणि जास्त तुकडे असतील तर कमी खर्चात जास्त जागा तपासता येते. देशाने पुढे मोठ्या तुकड्याची पद्धत स्वीकारली. फुगलेले उत्पन्न म्हणजे शेतकऱ्याला कमी भरपाई, हे लक्षात घेतले की जुना वाद आजही किती जवळचा आहे ते कळते.

2025 च्या खरिपापासून राज्यातली एक रुपयात पीकविम्याची सोय बंद झाली आणि भरपाईचा भार मुख्यतः कापणी प्रयोगांवर आला. उपग्रहावरून काढलेल्या अंदाजांनाही आता हिशेबात वजन मिळते. दुष्काळ ठरवतानाही, 2016 च्या केंद्रीय दुष्काळ संहितेनंतर, पावसाची तूट, वनस्पती निर्देशांक, जमिनीतला ओलावा असे मापदंड आले. दहा तुकड्यांच्या अंदाजात चूक किती असू शकते, उपग्रहाचा अंदाज आणि तराजूचा अंदाज एकत्र कसे करायचे, हे सरळसरळ पदव्युत्तर संख्याशास्त्राचे प्रश्न आहेत. तरी एम.एस्सी.च्या प्रकल्पांत अजून फिशरची 1936 सालची आयरिस फुलेच फुलतात. ती बिचारी लातूरच्या बांधावर कधी उगवली नाहीत.

या वर्गात येतो कोण

संख्याशास्त्राचा विद्यार्थी घडतो की नाही हे बरेचसे अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशीच ठरते. नीटच्या तयारीसाठी मुले भौतिक, रसायन, जीवशास्त्र घेतात आणि गणित सोडतात. दोन वर्षांनी, कधी तीन-चार प्रयत्नांनी, वैद्यकीयचा नाद सोडून बी.एस्सी.कडे वळणाऱ्या मुलाला गणित नसल्याने संख्याशास्त्राचा रस्ता जवळपास बंदच असतो. दुसऱ्या बाजूने जेईईवाली मुले अभियांत्रिकीकडे जातात. मधल्या चिंचोळ्या पट्टीतून, म्हणजे गणित आवडते पण अभियांत्रिकीचे शुल्क परवडत नाही किंवा नको आहे, अशा घरांतून या विषयाला विद्यार्थी मिळतात. शिकवण्यांच्या व्यवस्थेने या शहरांना नाव मिळवून दिले, हे खरेच. पण गणिताच्या पदवीशिक्षणाला तिचा किती फटका बसला, याचा विचार झालेला नाही.

भाषेचा अडसर वेगळा. बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला पदव्युत्तर पातळीवर मराठी पुस्तके जवळपास मिळतच नाहीत. नागरी सेवा परीक्षेत मराठीतून उत्तरे लिहिता येतात. भारतीय सांख्यिकी सेवेच्या परीक्षेत इंग्रजीतूनच लिहावी लागतात. काही शिक्षकांच्या मते हा प्रश्न फुगवून सांगितला जातो, सूत्राला भाषा लागत नाही. इतरांचे म्हणणे, सूत्र लिहिता येते पण निष्कर्ष समजावून सांगता येत नाही, आणि मुलाखतीत मुले नेमकी तिथेच अडतात. नोकरी देणारे मुख्यतः निष्कर्ष समजावणाराच शोधतात, तेव्हा मला दुसऱ्या म्हणण्यात अधिक तथ्य वाटते.

सरकारी वाट

मराठवाड्यात नोकरी म्हणजे सरकारी, हे गृहीतक अजून मजबूत आहे. संख्याशास्त्रापुरते त्याला आधारही आहे. लोकसेवा आयोगाची भारतीय सांख्यिकी सेवा आहे. लेखी परीक्षेत 1000 गुण, त्यांपैकी 800 थेट विषयाचे, आणि 200 गुणांची मुलाखत. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीधर परीक्षेतून कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होता येते. रिझर्व्ह बँकेत माहिती व सांख्यिकी व्यवस्थापनाची वेगळी भरती असते. राज्यात अर्थ व सांख्यिकी संचालनालय आहे, जिल्ह्याला त्याचे कार्यालय आहे, तेच दर वर्षी जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन काढते. वैद्यकीय महाविद्यालयांच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागात संख्याशास्त्राच्या शिक्षकाचे पद असते, आणि परभणीचे कृषी विद्यापीठही फार दूर नाही.

या वाटेचे समर्थक सांगतात, विषय पक्का असेल तर स्पर्धा राज्यसेवेपेक्षा कितीतरी कमी. ते खरे आहे. साशंक असलेले जागांकडे बोट दाखवतात. सांख्यिकी सेवेच्या 2024 च्या जाहिरातीत 30 जागा होत्या, 2025 मध्ये 35. देशभरातून. शिवाय राज्यातल्या सांख्यिकी पदांना अर्थशास्त्र, वाणिज्य, गणित या विषयांचे उमेदवारही बहुधा पात्र असतात, कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी व्हायला बारावीच्या गणितात चांगले गुण असले तरी चालते, त्यामुळे एम.एस्सी. स्टॅटवाल्याला खास हक्काची अशी जागा थोडीच. तयारीची वर्षे वाया जातात का, यावर एकमत नाही. सांख्यिकी सेवेचा अभ्यासक्रम म्हणजे एम.एस्सी.चाच अभ्यासक्रम असल्याने निवड झाली नाही तरी विषय हाताशी राहतो. सामान्य अध्ययनाच्या तयारीबद्दल हे म्हणता येत नाही. 2027 च्या जनगणनेची चर्चा सुरू झाल्यापासून आकडेवारीच्या कामाला पुन्हा महत्त्व आले आहे. ते कायमच्या पदांत किती उतरेल, याचा अंदाज कुणी बांधलेला नाही.

पुणे आणि हैदराबाद

खासगी नोकरी नांदेड-लातूरमध्ये जवळजवळ नाहीच. साखर कारखाने, डाळ आणि तेल गिरण्या, सोयाबीनचा मोठा बाजार, सहकारी बँका, एवढे सगळे असून संख्याशास्त्रज्ञ म्हणून माणूस ठेवण्याची पद्धत नाही. दोन्ही शहरांतल्या वैद्यकीय महाविद्यालयांत एम.डी.चे विद्यार्थी प्रबंधासाठी नमुना किती घ्यावा हे विचारत फिरतात, त्यातून काहींना सुटे काम मिळते, पण त्यावर घर चालत नाही. म्हणजे बॅग भरायची. लातूरकर पनवेल गाडीने पुण्याला, नांदेडकरांपैकी बरेच देवगिरी एक्स्प्रेसने सिकंदराबादेला.

पुण्यात कल विश्लेषणाच्या कंपन्या, बँकांची जोखीम-मोजणी, माहिती तंत्रज्ञान यांकडे. हैदराबादेत औषध उद्योग मोठा, म्हणून तिथे नैदानिक चाचण्यांचे काम. एम.एस्सी. स्टॅटच्या मुलांना हे दुसरे क्षेत्र जास्त मानवते असे दिसते. सॅस ही संगणकप्रणाली, चाचणीच्या नोंदी ठरावीक साच्यात बसवणे, तक्ते तयार करून तपासणे, असे शिस्तीचे काम. पदवी नेमकी मागितली जाते, आणि अभियंत्यांची गर्दी तुलनेने कमी. तिसरी वाट विमागणिताची, म्हणजे ॲक्च्युअरीची. पैसा उत्तम, पण परीक्षांची शिडी लांब, शुल्क भारी आणि मार्गदर्शन मोठ्या शहरांतच. इथल्या घरांना ती अजून परिचित नाही.

याला लागूनच येतो तो जुना सल्ला: शिकायचेच तर पुण्यालाच जा. किंवा जॅमची गणितीय सांख्यिकीची परीक्षा देऊन आयआयटीत, नाहीतर भारतीय सांख्यिकी संस्थेत. लोकसंख्याशास्त्राची आवड असेल तर देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था. सल्ला चुकीचा नाही. मोठ्या विभागात सोबतीचे विद्यार्थी चांगले मिळतात आणि कंपन्या दारात येतात. दुसरी बाजू खर्चाची. पुण्यातले खोलीभाडे आणि मेस कोरडवाहू शेतीच्या घराला दोन वर्षे पेलत नाहीत, मुलींच्या बाबतीत घरचे अंतर मोजतात, आणि सिद्धान्ताचा गाभा, म्हणजे संभाव्यता, अनुमान, नमुना पाहणी, रेषीय प्रतिमाने, कुठेही बराचसा सारखाच असतो. इथे शिकून बाहेर टिकलेले आहेत. तिथे शिकून रिकामे परतलेलेही.

शिकवण्याची नोकरी

एके काळी एम.एस्सी. केले की प्राध्यापक, हा सरळ हिशेब होता. आता महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरच्या नेमणुकांनी तो मोडला आहे, आणि हे एकट्या संख्याशास्त्राचे दुखणे नाही. या विषयाचे खास दुखणे पात्रता परीक्षेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नेटमध्ये संख्याशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. सीएसआयआरची गणितीय विज्ञानांची परीक्षा द्यावी लागते. राज्याच्या सेटमध्येही तोच गट. विश्लेषण, बीजगणित, टोपोलॉजी आणि चौथ्या घटकात संख्याशास्त्र, एकाच प्रश्नपत्रिकेत.

वेगळा विषय हवा, अशी मागणी जुनी आहे. विरोधाचा सूर असा, की प्रश्न निवडायची मुभा असतेच, आणि वास्तव विश्लेषण व रेषीय बीजगणित न येणाऱ्याने संख्याशास्त्र शिकवू नये. मागणी करणारे म्हणतात, गणित हवेच, पण प्रयोगांची आखणी किंवा नमुना पाहणी यांवर मेहनत घेतलेल्याला त्याच्या ताकदीच्या मैदानावर तपासले जात नाही. दोघांचेही बरोबर असावे. अडचण अशी, की निकाल पाहून विद्यार्थी निवड करतात, आणि शिक्षक व्हायची इच्छा असलेला हुशार मुलगा मग सरळ गणितालाच जातो.

सिद्धान्त की साधने

सर्वात तापलेला वाद अभ्यासक्रमाचा. तो जगभर चालला आहे. जॉन टुकी यांनी 1962 मध्येच संख्याशास्त्राने गणिती प्रमेयांतून बाहेर पडून विदेकडे पाहावे असे लिहिले होते. 2001 मध्ये लिओ ब्रायमन यांनी प्रतिमानवाले आणि अल्गोरिदमवाले अशा दोन संस्कृतींची मांडणी करून वादाला नाव दिले. इथे तो वाद अगदी साध्या रूपात येतो. प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये अजून कॅल्क्युलेटरवर काढलेले सहसंबंध गुणांक असावेत का? आर आणि पायथन कितव्या सत्रात? माप सिद्धान्त ठेवायचा की यंत्र-अध्ययनाला जागा करून द्यायची?

साधनांच्या बाजूचे लोक मुलाखतीचा दाखला देतात: पहिल्या फेरीत एसक्यूएल विचारतात, क्रामर-राव असमानता नाही. सिद्धान्ताच्या बाजूचे म्हणतात, साधने दर पाच वर्षांनी बदलतात, आणि जे सहा महिन्यांच्या क्लासमध्ये मिळते त्यासाठी विद्यापीठाची दोन वर्षे का खर्ची घालावीत? संवादी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने 2022 नंतर सर्रास झाली, आणि या दुसऱ्या युक्तिवादाला नवे बळ मिळाले. साधा कोड आता यंत्रच लिहून देते. पण त्याच कारणाने कोड लिहिणाऱ्या नवख्यांच्या जागा कमी होतील, आणि खेड्यातून आलेल्या मुलाला शिरकावाचा पहिला दरवाजा बंद होईल, ही भीतीही खोटी नाही. उत्तर काय येते त्यापेक्षा ते उत्तर विश्वासार्ह आहे का हे सांगता येणे महत्त्वाचे ठरेल, असा माझा कल आहे. दहा तुकड्यांच्या सोयाबीनबाबतही प्रश्न तोच होता.

नव्या रचनेतले धागे

नव्या शैक्षणिक धोरणाने सगळी गणिते पुन्हा मांडायला लावली आहेत. राज्यातल्या महाविद्यालयांत 2024-25 पासून ते पदवीला लागू झाले. तीन समान विषयांची जुनी बी.एस्सी. गेली, मुख्य आणि गौण विषय आले. गौण म्हणून संख्याशास्त्र वाणिज्य, संगणक, जीवशास्त्र अशा अनेक मुलांपर्यंत पोचेल, अशी एक आशा आहे. मुख्य विषय म्हणून ते निवडणारे घटतील, तीन सारख्या विषयांच्या आधाराने टिकलेले छोटे विभाग बंद पडतील, अशी दुसरी भीती. चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एम.एस्सी. एका वर्षाची होणार, तेव्हा दोन वर्षांत शिकवला जाणारा गाभा कुठे बसवायचा, चौथे वर्ष चालवण्याइतके शिक्षक तालुक्याच्या महाविद्यालयांत आहेत का, आणि तीन वर्षांवर थांबलेल्या मुलांसाठी दोन वर्षांचा वर्ग चालू ठेवावा लागेल का, हे प्रश्न तूर्त उघडेच आहेत. चार वर्षे पूर्ण करणारी पहिली तुकडी 2028 मध्ये बाहेर पडेल. तिच्यातली किती मुले विष्णुपुरीला येतील आणि किती सरळ पनवेल गाडी पकडतील, त्यावर इथल्या पदव्युत्तर विभागाचा पुढचा आराखडा ठरणार आहे.